जुन्या यंत्रांचे आधुनिकीकरण आणि कामगारांची सुरक्षितता

(नवी दिल्ली येथे कस्तुरबा गांधी मार्गावर, स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज आपण ज्या मार्गावर जमलो आहोत, तो पूर्वी कर्झन रोड या नावाने ओळखला जात असे. या मार्गावरील कोणत्याही उंच इमारतीत आपण लिफ्टने वर जातो, तेव्हा एक गोष्ट आपल्या लक्षातही येत नाही. दार पूर्ण बंद झाल्याशिवाय लिफ्ट हलत नाही आणि दारात कुणाचा हात आला, तर दार मागे सरकते. या दोन-चार सेकंदांच्या विलंबाला कुणी वेळेचा अपव्यय म्हणत नाही. लिफ्ट जुनी झाली आणि तिचे आधुनिकीकरण करायचे ठरले, तर मोटार बदलेल, दोर बदलतील, बटणे बदलतील. परंतु दाराचे कुलूप काढून वेग वाढवावा, असे कोणताही मालक सुचवणार नाही. त्यामागे कायद्याचाही आधार आहे. १९३९ साली मुंबई प्रांताने लिफ्टविषयक कायदा केला आणि पुढे तो दिल्लीलाही लागू करण्यात आला. महाराष्ट्रात त्याची जागा २०१७ च्या नव्या अधिनियमाने घेतली आहे.

आता येथून जवळच्या मंडी हाऊस स्थानकातून मेट्रोच्या जांभळ्या मार्गिकेने फरिदाबादला जा, किंवा रस्त्याने गुरुग्राम ओलांडून मानेसरला जा. वाहनांचे सुटे भाग तयार करणारे शेकडो लहानमोठे कारखाने तेथे आहेत. त्यांतील अनेक ठिकाणी पत्रा कापणारी व वाकवणारी पॉवर प्रेस दिवसभर चालते. तिच्या जबड्यात कामगाराचा हात आहे की नाही, हे ती बहुधा पाहत नाही. 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून 'क्रश्ड' या नावाने अहवाल प्रसिद्ध करीत आली आहे. वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीत हाताची बोटे गमावणाऱ्या कामगारांची माहिती त्यांत संकलित केलेली आहे. या अपघातांत पॉवर प्रेसचा वाटा फार मोठा आहे आणि जखमींमध्ये स्थलांतरित कामगारांची संख्या लक्षणीय आहे, असे हे अहवाल सांगतात. आपल्याकडे चाकण आणि पिंपरी-चिंचवडच्या परिसरातही हेच यंत्र आणि हाच उद्योग आहे.

मग प्रश्न असा पडतो की, लिफ्टच्या बाबतीत आपण जे सहज मान्य करतो, ते प्रेसच्या बाबतीत का करीत नाही? जुन्या यंत्राचे आधुनिकीकरण करताना सुरक्षिततेचा विचार शेवटी का येतो? आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे.

कायद्याची वाटचाल

यंत्राला कुंपण घालण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. मुंबईच्या गिरण्यांतील स्थितीची चौकशी करण्यासाठी १८७५ साली आयोग नेमला गेला. त्यानंतर १८८१ चा पहिला कारखाना कायदा आला. धोकादायक यंत्रांना कुंपण घालावे आणि अपघातांची खबर द्यावी, या तरतुदी त्यात होत्या. मात्र शंभर वा त्याहून अधिक माणसे काम करीत असलेल्या कारखान्यांपुरताच तो मर्यादित होता. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या मागण्या संघटितपणे मांडल्या. पुढे १८९१ च्या सुधारणेने ही मर्यादा पन्नासवर आणली.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खात्याचे सदस्य होते. त्याच काळात, १९४५ साली, कारखानाविषयक सल्ला देणारी केंद्रीय यंत्रणा स्थापन झाली. आज आपण तिला कारखाना सल्ला सेवा व श्रम संस्था महासंचालनालय म्हणून ओळखतो. मुंबईत शीव येथे तिची केंद्रीय श्रम संस्था आहे आणि फरिदाबाद येथे प्रादेशिक संस्था आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमातील कलम २१ ने यंत्राच्या धोकादायक भागांना भक्कम कुंपण घालण्याची जबाबदारी मालकावर टाकली. भोपाळ दुर्घटनेनंतर १९८७ च्या दुरुस्तीने कलम ७ ब आले. यंत्राची रचना, निर्मिती, आयात व पुरवठा करणाऱ्यांवरही त्याने जबाबदारी टाकली. राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ (ई) व ४२ मधील मार्गदर्शक तत्त्वे आपणास ठाऊक आहेतच. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने कामगाराच्या आरोग्याचा हक्क अनुच्छेद २१ शी जोडला.

म्हणजे कायदा होता आणि आहे. परंतु कायद्याने कुंपण सांगितले, तेव्हा यंत्र आणि कुंपण या दोन वेगळ्या वस्तू मानल्या गेल्या. यंत्र उत्पादनासाठी आणि कुंपण निरीक्षकासाठी, असा एक समज कारखान्यांत रुजला. आधुनिकीकरणातील बहुतेक चुकांचे मूळ या समजात आहे.

इचलकरंजीच्या मागाचा धडा

इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग सुरू केला. त्यातून एक मोठे वस्त्रनगर उभे राहिले. इचलकरंजी, भिवंडी, मालेगाव येथील साध्या यंत्रमागांचे आधुनिकीकरण हा अनेक वर्षे धोरणाचा विषय राहिला आहे. १ एप्रिल १९९९ रोजी केंद्र सरकारने तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना सुरू केली आणि कर्जाच्या व्याजात पाच टक्क्यांची सवलत दिली. परंतु नवे शटललेस माग घेणे लहान यंत्रमागधारकाला परवडणारे नव्हते. म्हणून आहे त्या मागावरच सुधारणा करण्याची योजना पुढे आली. एप्रिल २०१७ मध्ये भिवंडीतून सुरू झालेल्या 'पॉवरटेक्स इंडिया' कार्यक्रमात तिचा समावेश होता. सर्वसाधारण गटातील यंत्रमागधारकाला खर्चाच्या ५० टक्के, अनुसूचित जातींना ७५ टक्के आणि अनुसूचित जमातींना ९० टक्के, कमाल मर्यादेच्या आत, अनुदान मिळत असे.

या सुधारणेत काय बसवले जाई, ते पाहण्यासारखे आहे. ताण्याच्या प्रत्येक धाग्यावर एक पातळ पोलादी पट्टी टांगलेली असते. धागा तुटला की पट्टी खाली पडते आणि माग थांबतो. बाण्याचा धागा संपला किंवा तुटला, तरी माग थांबतो. त्यासाठी चांगला ब्रेकही बसवावा लागतो. एकंदरीत, मागाला थांबता येणे हाच या आधुनिकीकरणाचा गाभा आहे. जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी १९२४ साली पूर्णत्वास नेलेल्या स्वयंचलित मागाची कीर्तीही याच गुणामुळे झाली. दोष दिसताच यंत्र थांबते, म्हणून सदोष कापड तयार होत नाही आणि एक कामगार अनेक मागांवर लक्ष ठेवू शकतो.

येथे एक साधा विचार मनात येतो. सूत तुटले तर यंत्र थांबावे, यासाठी आपण अनुदान दिले. बोट आत गेले तर यंत्र थांबावे, यासाठीही तोच हिशेब करता येईल. तत्त्व एकच आहे: चूक ओळखणे आणि वेळेत थांबणे. कापडाचा दर्जा आणि माणसाचा हात यांचे रक्षण करणारे तंत्र मुळात वेगळे नाही.

प्रेस थांबते कशी?

आता पुन्हा प्रेसकडे वळू. जुन्या यांत्रिक प्रेसमध्ये एक जड फ्लायव्हील सतत फिरत असते. कामगाराने पायाने पॅडल दाबले की क्लचची चावी अडकते, मुख्य दंड एक पूर्ण फेरा घेतो आणि वरचा डाय खाली येऊन पुन्हा वर जातो. एकदा चावी अडकली की हा फेरा मध्येच थांबवता येत नाही. चावी किंवा स्प्रिंग तुटली, तर पॅडल न दाबताही दुसरा फेरा होऊ शकतो.

अशा प्रेसचे आधुनिकीकरण करावयाचे म्हणून अनेकदा तिच्यापुढे लाइट कर्टन, म्हणजे प्रकाशकिरणांचा पडदा, बसवला जातो. हात किरणांत आला की तो पडदा थांबण्याचा संकेत देतो. परंतु यंत्राला थांबताच येत नसेल, तर त्या संकेताचा उपयोग काय? डाय खाली यायचा तो येतोच. म्हणून अशा प्रेसला भक्कम कुंपणच हवे, किंवा आधी चावीचा क्लच काढून हवेवर चालणारा घर्षण क्लच व ब्रेक बसवायला हवा आणि मगच पडदा लावायला हवा. सुधारणांचा क्रम चुकला तर खर्च होतो, कागदावर पूर्तता होते आणि धोका जसाच्या तसा राहतो.

घर्षण क्लच बसवल्यावरही पडदा डायपासून किती दूर हवा, याचे गणित करावे लागते. आयएसओ १३८५५ या आंतरराष्ट्रीय मानकात जवळच्या अंतरासाठी हाताचा वेग सेकंदाला २००० मिलिमीटर धरला जातो. संकेत मिळाल्यापासून प्रेस पूर्ण थांबेपर्यंत ०.२ सेकंद लागत असतील, तर २००० गुणिले ०.२ म्हणजे ४०० मिलिमीटर अंतर हवे. बारीक किरणांच्या पडद्याचा हा किमान हिशेब आहे. किरणांमधील अंतर जास्त असेल, तर त्यात आणखी भर घालावी लागते. आता ब्रेक झिजला आणि थांबण्याचा वेळ ०.३ सेकंदांवर गेला, तर तेच अंतर ६०० मिलिमीटर होते. (५०० मिलिमीटरपलीकडे मानक १६०० चा वेग धरू देते, मात्र त्या हिशेबानेही अंतर किमान ५०० असावे लागते.) बसवलेल्या दिवशी सुरक्षित असलेला पडदा वर्षभराने असुरक्षित ठरू शकतो आणि बाहेरून मात्र काहीच बदललेले दिसत नाही. म्हणून थांबण्याचा वेळ ठरावीक काळाने मोजणे, ही देखभालीतील अत्यंत महत्त्वाची नोंद आहे.

वेग वाढवतानाही हीच काळजी घ्यावी लागते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हे आपण शाळेत शिकलो. मोटारीला नवे नियंत्रण बसवून फ्लायव्हीलचा वेग दीडपट केला, तर त्यातील ऊर्जा सव्वादोनपट होते. प्रेसची चौकट, बोल्ट आणि कुंपण मात्र जुन्याच हिशेबाचे असतात. त्याचप्रमाणे जुनी विद्युत जोडणी काढून संगणकीय नियंत्रक बसवताना आणीबाणीचे लाल बटण पाहावे. पूर्वी ते थेट वीज तोडत असे. नव्या जोडणीत ते केवळ नियंत्रकाला निरोप देत असेल, तर नियंत्रक बिघडल्यावर बटणाचाही उपयोग उरत नाही. आधुनिकीकरणामुळे यंत्र पूर्वीपेक्षा धोकादायक होऊ शकते, ते असे.

एका बटणाची गोष्ट

माझी नोकरी यंत्रांच्या देखभालीत गेली. पुणे परिसरातील एका लहान कारखान्यात जुन्या प्रेसला नवा क्लच आणि दोन्ही हातांनी दाबायची बटणे बसवली होती. दोन्ही हात बटणांवर असले, तर ते डायमध्ये असू शकत नाहीत, ही त्यामागील कल्पना. यंत्र सुधारले म्हणून रोजच्या नगांचे लक्ष्यही वाढवण्यात आले. मराठवाड्यातून आलेल्या एका तरुण कामगाराने एका बटणात लाकडाची पाचर ठोकली. एका हाताने पत्रा आत सारायचा आणि दुसऱ्या हाताने बटण दाबायचे, म्हणजे लक्ष्य पूर्ण होई. काही दिवसांतच त्याची दोन बोटे गेली.

चौकशीच्या कागदावर 'कामगाराचा निष्काळजीपणा' हे कारण लिहिले गेले. तो कागद तयार करणाऱ्यांत मीही होतो. पुढे मानके वाचली, तेव्हा कळले की, दोन हातांच्या नियंत्रणात दोन्ही बटणे अर्ध्या सेकंदाच्या आत एकत्र दाबली गेली पाहिजेत आणि प्रत्येक फेऱ्यानंतर दोन्ही सोडल्याशिवाय पुढचा फेरा सुरू होता कामा नये. तशी जोडणी असती, तर पाचर ठोकून प्रेस चाललीच नसती. दोष जोडणीत होता आणि वाढवलेल्या लक्ष्यात होता. ती जोडणी तपासणे हे माझे काम होते.

१९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेल्यास कमाईच्या क्षमतेत ३० टक्के, संपूर्ण तर्जनी गेल्यास १४ टक्के आणि मधले बोट गेल्यास १२ टक्के घट मानलेली होती. अशी कोष्टके आवश्यक असतात. परंतु हाताने पत्रा धरणाऱ्या माणसाला दुसरे काम कोण देणार, हा प्रश्न कोष्टकात मावत नाही.

आजची कायदेशीर चौकट

व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तेरा कायदे तिच्यात एकत्र करण्यात आले असून १९४८ चा कारखाना अधिनियम त्यांपैकी एक आहे. परीक्षेच्या दृष्टीने काही तरतुदी लक्षात ठेवाव्यात. विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी कामगारसंख्येची मर्यादा १० वरून २० आणि विजेविना चालणाऱ्या कारखान्यासाठी २० वरून ४० झाली आहे. मात्र संहिता सर्वसाधारणपणे १० वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. ५०० वा अधिक कामगारांच्या कारखान्यात, तसेच धोकादायक प्रक्रिया असल्यास २५० वा अधिक कामगारांच्या कारखान्यात, सुरक्षा अधिकारी आवश्यक आहे. रचनाकार, निर्माते, आयातदार व पुरवठादार यांची कर्तव्ये कलम ८ मध्ये आहेत. निरीक्षकाला आता निरीक्षक-तथा-सुलभकर्ता म्हटले आहे. कर्तव्यभंगामुळे मृत्यू वा गंभीर इजा झाल्यास दंडाची किमान निम्मी रक्कम पीडिताला वा वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते.

या आकड्यांकडे प्रेसच्या नजरेतून पाहा. बोटे जातात ती पुष्कळदा पुरवठा साखळीच्या तळाशी असलेल्या लहान कारखान्यांत. तेथे सुरक्षा अधिकारी नसतो आणि यंत्र अनेकदा जुन्या बाजारातून विकत घेतलेले असते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६३ च्या ११९ व्या कराराने कुंपण नसलेल्या यंत्राच्या विक्रीवर आणि भाड्याने देण्यावरच बंदी असावी, असे म्हटले होते. ती दूरदृष्टी जुन्या यंत्रांच्या बाजाराला आजही लागू पडते. दुसरा प्रश्न असा की, जुन्या यंत्रात मोठा बदल केल्यावर त्याचा निर्माता कोण? युरोपीय संघाच्या २०२३ च्या यंत्रविषयक विनियमाने याचे स्पष्ट उत्तर दिले आहे. सुरक्षिततेवर परिणाम करणारा मोठा बदल जो करतो, त्याच्यावर निर्मात्याची जबाबदारी येते. हा विनियम २० जानेवारी २०२७ पासून लागू व्हायचा आहे. युरोपला माल आणि यंत्रे पाठवणाऱ्या आपल्या उद्योजकांनीही तो जाणून घेणे हिताचे आहे.

काय करता येईल?

आयएसओ १२१०० या मानकात धोका कमी करण्याचा क्रम दिला आहे. प्रथम रचनाच बदलून धोका काढून टाकावा, ते शक्य नसेल तर संरक्षक साधने बसवावीत आणि उरलेल्या धोक्याची माहिती कामगाराला द्यावी. आपल्याकडे हा क्रम बहुधा उलटा असतो. भिंतीवर फलक आधी लागतो. वास्तविक पत्रा हाताऐवजी सरकत्या पट्टीने किंवा उतारावरून आत गेला, डायची फट बोट शिरणार नाही इतकी अरुंद केली, तर हात आत जाण्याचे कारणच उरत नाही. असे बदल खर्चिक नसतात. शिवाय पत्रा सरळ बसतो, भंगार कमी होते आणि डाय टिकतो.

धोरणाच्या पातळीवर तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. एक, यंत्रांच्या उन्नयनासाठी दिल्या जाणाऱ्या अनुदानाला धोक्याच्या लेखी मूल्यमापनाची आणि थांबण्याच्या वेळेच्या चाचणीची अट असावी. धाग्यासाठी दिलेल्या अनुदानाचा अनुभव आपल्याकडे आहे. दोन, मोठ्या वाहन कंपन्या पुरवठादाराच्या मालाचा दर्जा सूक्ष्म मापाने तपासतात; तीच तपासणी पुरवठादाराच्या प्रेसपर्यंत जावी. तीन, बदल ठरवताना यंत्रावर बसणाऱ्या कामगाराला विचारावे. व्यवस्थापनातील कामगारांच्या सहभागाविषयी अनुच्छेद ४३ अ आहे. पाचर का ठोकली जाते, हे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नसते.

मित्रहो, जून २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सुरक्षित व आरोग्यदायी कार्यस्थळाचा समावेश कामाच्या मूलभूत हक्कांत केला. आपल्यापैकी काहीजण उद्या प्रशासनात जातील. कुणी उद्योग विभागात अनुदानाच्या प्रस्तावावर सही करील, कुणी श्रम विभागात अपघाताचा अहवाल वाचेल. त्या अहवालात 'निष्काळजीपणा' हा शब्द दिसला, तर तेथे थांबू नका. प्रेस थांबायला किती वेळ लागत होता, तो वेळ शेवटी कधी मोजला होता आणि रोजचे लक्ष्य किती होते, हे तीन प्रश्न विचारा. मी ते वेळेवर विचारले नव्हते.